दोन उंचीचे रूळ

मॉडेल रेल्वेच्या छंदात नव्याने पडणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो. "एकाच कंपनीचे रूळ घ्या, मिसळामिसळ करू नका." सल्ला देणारे अनुभवी असतात, हेतूही चांगला असतो. पण मला तो आपल्याकडे निरुपयोगी वाटतो, आणि खरं सांगायचं तर थोडा निष्ठुरही.

आपल्याकडे हे रूळ येतात कसे ते बघा. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ साली सुरू झालं. ते बघून घरी येणाऱ्या एखाद्याच्या डोक्यात हे खूळ शिरतं. मग अमेरिकेहून येणारा भाचा बॅगेत ॲटलासची दोन पाकिटं टाकतो. काकांनी कधीकाळी इंग्लंडहून आणलेला हॉर्नबीचा सेट माळ्यावरून खाली येतो. पेकोचे चार सांधे आपण हौसेने मागवतो. झाली खिचडी! माझ्या ओळखीच्या एका मुलाला असंच सांगण्यात आलं की आजोबांचे रूळ टाकून दे आणि सगळं नव्याने घे. नव्याचा हिशोब केल्यावर त्याने आजोबांचा खोका परत माळ्यावर ठेवला, आणि छंदही त्याबरोबरच माळ्यावर गेला. रूळ वाया गेले याचं मला तितकं वाईट वाटत नाही.

तर मुद्दा असा, की न जुळणारे रूळ जुळवता येतात. फक्त काय जुळलंच पाहिजे आणि काय नाही जुळलं तरी चालतं, हे आधी ठरवावं लागतं.

एचओ आणि ओओ दोन्हींचं गेज १६.५ मिलीमीटर. म्हणजे वर सांगितलेले सगळे रूळ रुंदीला एकच आहेत. भांडण उंचीचं. 'कोड' म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे २.५४ मिलीमीटर, कोड ८३ म्हणजे २.१, कोड ७५ म्हणजे १.९. यात काय एवढं, असं वाटेल. पण कोड १०० आणि ७५ मधला फरक साधारण ०.६४ मिलीमीटर, आणि आजच्या एचओ चाकाची कड रुळाच्या माथ्याखाली जेमतेम तेवढीच उतरलेली असते. एवढी पायरी मध्ये आली तर चाक वर चढेल आणि सरळ बाहेर पडेल.

खऱ्या रेल्वेपुढेही हाच प्रश्न असतो. आपल्याकडचा ५२ किलोचा रूळ (म्हणजे मीटरला ५२ किलो) १५६ मिलीमीटर उंच, ६० किलोचा १७२. जिथे हे दोन भेटतात तिथे कॉम्बिनेशन फिशप्लेट लावतात. तिची अर्धी बाजू एका रुळाच्या मापाची, अर्धी दुसऱ्याच्या. माथा आणि आतली कड एका रेषेत आणायची, बाकीचा फरक खाली जिरवायचा. वरून जाणाऱ्या चाकाला पायरी लागत नाही.

आपणही तेच करायचं. कोड ८३ आणि १०० जोडणाऱ्या फिशप्लेट तयार मिळतात. नसतील तर साध्या फिशप्लेटचा अर्धा भाग पकडीने चपटा करा, त्यावर बुटका रूळ ठेवून सोल्डर करा, आणि त्या रुळाच्या स्लीपरखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवा. पुठ्ठा किती जाड हे मात्र कोडवरून काढू नका, कारण स्लीपरची जाडीही कंपनीगणिक बदलते. माथ्यावर पट्टी धरून बघा. आतल्या कडेवरून नख फिरवा, अडकलं तर बारीक कानस लावा. आणि हा जोड नेहमी सरळ, सपाट जागी घ्या. वळणावर नको, चढ सुरू होतो तिथे तर नकोच.

एवढी उदारता साध्या रुळांपुरतीच. सांध्यांच्या बाबतीत मी कर्मठ आहे. हॉर्नबीच्या सेटमधला सांधा २२.५ अंशांत फुटतो, पेको स्ट्रीमलाइनचा १२ अंशांत, आणि अमेरिकन सहा नंबरचा (सहा पुढे, एक बाजूला) साडेनऊ अंशांत. एका रुळावरून शेजारच्या रुळावर जायला दोन सांधे समोरासमोर लावतात. त्यात एक हॉर्नबीचा आणि एक पेकोचा घेतलात तर साडेदहा अंशांचा तिढा राहतो. लोक तो रूळ वाकवून बसवतात. दोन डब्यांची गाडी जातेही. लांब डबे उलटे ढकलताना मात्र बरोबर तिथेच घसरतात, आणि मग दोष डब्यांना! शिवाय हॉर्नबीच्या दोन समांतर रुळांमधलं अंतर ६७ मिलीमीटर, पेको स्ट्रीमलाइनचं सुमारे ५१. म्हणून जोडीतले सांधे एकाच घराण्यातले हवेत, यात तडजोड नाही.

डोळ्यांना न दिसणारी विसंगती विजेची. काही सांध्यांचा फ्रॉग प्लास्टिकचा असतो, काहींचा धातूचा आणि विजेने भारलेला. धातूचा असेल तर फ्रॉगमधून पुढे निघणाऱ्या दोन्ही रुळांना प्लास्टिकच्या फिशप्लेट लावाव्या लागतात, नाहीतर शॉर्ट सर्किट. जुने नवे सांधे मिसळणाऱ्याने प्रत्येक सांधा उलटा करून बघितलाच पाहिजे.

या हिशोबाने माझं मत असं: मेन लाइनवर आणि जोडीच्या सांध्यांवर पैसे खर्च करा. यार्ड, सायडिंग, शेडमागचा कोपरा इथे जुने रूळ खुशाल वापरा. तिथे गाड्या सावकाश चालतात. खऱ्या यार्डातही मेन लाइनवरून काढलेले जुने रूळ दिसतात, त्यामुळे ते शोभूनही दिसतं. एक अपवाद: जुन्या खोल कडांची चाकं असतील तर ती कोड ७५ वर स्लीपरच्या पकडींना खडखडत घासतात. ती कोड १०० वरच चालवा, किंवा चाकं बदला.

असो. तुमच्याही माळ्यावर असा एखादा खोका असेल तर काहीही विकत घ्यायच्या आधी तो खाली काढा आणि रुळांची उंची मोजा. मग सांध्यांची यादी करा. बहुतेक वेळा टाकण्यासारखं त्यात फारच थोडं निघतं.