न्यूयॉर्कचा महापौर आणि आपली मतदार यादी

४ नोव्हेंबर २०२५ च्या निकालापासून आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मुबारकबादचे संदेश फिरत आहेत. जोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले. या पदावर पोहोचणारे ते पहिले मुस्लिम. इकडे रिठदमध्ये सोयाबीनच्या भावाची चिंता करणाऱ्या पोरांच्या तोंडीही हे नाव आले आहे. आनंद व्हावा अशीच ही गोष्ट आहे. पण ‘आपला माणूस जिंकला’ एवढ्यावरच आपण थांबलो, तर या निवडणुकीतून शिकण्यासारखे जे आहे ते निसटून जाईल.

ममदानी कुटुंबाची कहाणी स्थलांतराची आहे. वडील महमूद ममदानी यांचा जन्म १९४६ साली मुंबईत झाला, बालपण युगांडात गेले. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. त्यात तेही बाहेर फेकले गेले. जोहरान १९९१ साली कंपालामध्ये जन्मले आणि सातव्या वर्षी न्यूयॉर्कला आले. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांना २०१८ मध्ये मिळाले. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत ते महापौर झाले. एका देशाने ज्या घराला परके ठरवले, त्याच घरातल्या मुलाच्या हाती दुसऱ्या देशातल्या सर्वांत मोठ्या शहराने कारभार दिला.

हे झाले कसे? त्यांनी आपला धर्म लपवला नाही, मशिदींमध्ये गेले, हिंदी-उर्दू आणि बांगलातही प्रचार केला. पण मत मागितले ते घरभाडे, मोफत बस आणि मुलांच्या संगोपनाची सोय या मुद्द्यांवर. २०२१ मध्ये कर्जात बुडालेल्या टॅक्सीचालकांसोबत ते पंधरा दिवस उपोषणाला बसले होते. म्हणून येमेनी दुकानदार, सेनेगलचा टॅक्सीवाला आणि भाड्याच्या खोलीत राहणारा गोरा तरुण असे सगळे एकाच बाजूला आले. २० लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले. महापौरपदासाठी एवढे मतदान १९६९ नंतर झाले नव्हते.

आता अपेक्षांचे काय? भाडे ठरवणाऱ्या मंडळावर सदस्य नेमणे महापौरांच्या हातात आहे, पण बससेवा राज्याच्या प्राधिकरणाकडे आहे आणि नवा कर लावायला राज्य विधिमंडळाची संमती लागते. शिवाय त्या शहरातल्या लाखो स्थलांतरितांना मतच देता आले नाही. नागरिक नसलेल्या कायदेशीर रहिवाशांना शहराच्या निवडणुकीत मत देणारा कायदा २०२२ मध्ये झाला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवला. आपल्याकडून एच-१बी व्हिसावर गेलेले इंजिनिअर तिथे वर्षानुवर्षे कर भरतात, पण कारभारी निवडू शकत नाहीत. अशा माणसाकडे उरते ती फक्त आशा, आणि तीही दुसऱ्यांच्या मतावर अवलंबून.

आपली गोष्ट वेगळी आहे. रिठद, रिसोड, वाशीमहून पुण्या-मुंबईला गेलेला तरुण तिथे परदेशी नाही. त्याला हक्क आहे. तो वापरायचे राहून जाते, एवढेच. दहा-दहा वर्षे पुण्यात राहायचे, नाव सांगितल्यावर ‘फ्लॅट गेला’ हे उत्तर ऐकायचे, टँकरचे पाणी भरायचे, खड्ड्यांतून ऑफिसला जायचे आणि मतदार यादीत नाव मात्र गावाकडे ठेवायचे. मतदानाला सुट्टी मिळाली नाही की तेही मत वाया. गावाची ओढ समजण्यासारखी आहे. पण ज्या नगरसेवकाला तुमचे मत मिळणारच नाही, तो तुमची गल्ली का झाडून घेईल?

महापालिकांच्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पूर्वी घ्याव्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होता. त्यासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली गेल्याने तेव्हा नव्याने नाव हलवून उपयोग नव्हता. पण पुढच्या प्रत्येक निवडणुकीसाठी आहे. नमुना ८ हा अर्ज मोबाइलवरून भरता येतो. नव्या पत्त्याचा पुरावा जोडला की झाले. आपल्या खोलीवर राहणाऱ्या चौघांचे अर्ज एका रविवारी भरून होतात. हे काम संदेश फॉरवर्ड करण्याइतके सोपे नाही, पण त्याहून फार अवघडही नाही.

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे. न्यूयॉर्कने बाहेरून आलेल्याला आपले म्हटले म्हणून आपण टाळ्या वाजवतो. मग आपल्याकडे आलेल्याचे काय? जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय असल्याचे सिद्ध झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. तेव्हा आपल्या किती ग्रुपांवर त्याची चर्चा झाली? वीटभट्टीवर, बांधकामावर, बेकरीत राबणारा बिहारी किंवा बंगाली माणूसही आपल्या जिल्ह्याकडे, आपल्या शहराकडे आशेने बघत असतो. त्याला खोली देताना, मजुरी देताना, पोलिसांनी अडवल्यावर त्याच्यासोबत ठाण्यात जाताना आपली परीक्षा होते.

ममदानी आपली वचने पाळतात का, ते न्यूयॉर्कचे मतदार बघून घेतील. आपण आधी यादीत आपले नाव कुठे आहे ते बघू, आणि मग शेजारच्या खोलीत नव्याने राहायला आलेल्याची विचारपूस करू.