श्वासाची रोजनिशी

पहाटे तीन-चारच्या सुमारास खोकल्याची उबळ येते, छातीतून सूं-सूं आवाज निघतो, अंथरुणात उठून बसावे लागते. सकाळी अकराला डॉक्टर छाती तपासतात, तो ती स्वच्छ! मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो दमा, दुसरा म्हणतो मनाचे खेळ. त्यातून मुलगी उपवर असली, तर ‘दमा’ हा शब्दही उच्चारू दिला जात नाही आणि श्वासनलिकांची सूज मात्र उपचारावाचून राहते.

हा तिढा सोडविण्यास एक साधे उपकरण साह्य करते. ‘पीक फ्लो मीटर’ हे त्याचे नाव. इंग्लंडातील मार्टिन राइट यांनी १९५९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. आज ते हातात मावेल अशा नळीच्या रूपात मिळते. छाती भरून घेतलेला श्वास झटक्याने सोडला असता हवेचा सर्वाधिक वेग मिनिटाला किती लिटर, हे त्यावरील काटा दाखवितो.

निरोगी माणसातही हा वेग पहाटे किंचित कमी व दुपारनंतर अधिक असतो. दम्यात हा चढउतार वाढतो. म्हणून एका मोजणीपेक्षा रोजची नोंद मोलाची. उभे राहून, ओठ नळीभोवती घट्ट मिटून तीनदा फुंकावे व सर्वांत मोठा आकडा वहीत लिहावा. सकाळी उठताच आणि सायंकाळी, श्वासाचे औषध घेण्यापूर्वी, एकाच मीटरवर, दोन आठवडे हा क्रम ठेवावा.

समजा, सकाळी ३२० व सायंकाळी ४०० आले. फरक ८०, दोहोंची सरासरी ३६०. म्हणजे बदल सुमारे २२ टक्के. रोजच्या अशा बदलांची सरासरी प्रौढांत १० व मुलांत १३ टक्क्यांहून अधिक असेल, तर दम्याच्या निदानास बळकटी येते. काही तज्ज्ञ २० टक्क्यांची अधिक कडक मर्यादा मानतात. पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्याचे आकडे सुट्टीत सुधारत असतील, तर तीही नोंद बोलकी ठरते.

मात्र आकडे सरळ आले म्हणजे दमा नाहीच, असे समजू नये. पाच वर्षांखालील मुलांना नीट फुंकता येत नाही. आणि धाप लागून बोलणेही अवघड झाले असेल, तर वही बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

एरवी ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. अकरा वाजता न ऐकू आलेली पहाट त्यांना तीत वाचता येते.