साठ डॉलर, पंचाहत्तर डॉलर

बाई कमी जेवते, हे कुणी ठरवलं असेल हो? घरात उरलंसुरलं शेवटी तिच्या ताटात पडतं, त्याची आपल्याला सवयच आहे. पण अमेरिकेसारख्या देशातल्या फुटबॉल संघटनेच्या हिशोबातही हेच निघावं? परदेश दौऱ्यावर पुरुष संघाच्या खेळाडूला रोजच्या खर्चाला ७५ डॉलर आणि महिला संघाच्या खेळाडूला ६०! कार्ली लॉइडने एप्रिल २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून हे जगाला सांगितलं. बायका अंगाने लहान, म्हणजे कमी खात असतील असं त्यांना वाटलं असावं, असा टोलाही तिने हाणला. ही तक्रार करणारी बाई कोणी ऐरीगैरी नव्हती. त्या वेळी ती जगातली सर्वोत्कृष्ट महिला फुटबॉलपटू होती. २०१५चा आणि नंतर २०१६चाही ‘फिफा’चा तो मान तिलाच मिळाला.

कार्ली मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत खेळणारी. हे काम घरातल्या मधल्या जावेसारखं असतं बघा. मागच्यांना सांभाळायचं, पुढच्यांना चेंडू पुरवायचा, धावायचं सगळ्यात जास्त आणि टाळ्या मात्र गोल करणारीला. पण कार्लीने मधल्या फळीतून येऊन गोलही केले. अमेरिकेसाठी ३१६ सामन्यांत १३४!

जन्म १९८२चा, न्यू जर्सी राज्यातल्या डेलरन या साध्या कामकरी वस्तीच्या गावातला. शाळा-कॉलेजात ती सगळ्यांच्या पुढे होती. मग २००३ मध्ये २१ वर्षांखालच्या राष्ट्रीय संघातून तिला काढलं. ती खेळ सोडायला निघाली होती. वडिलांनी जेम्स गॅलानिस नावाच्या ऑस्ट्रेलियातून आलेल्या प्रशिक्षकाला गाठलं. त्याने तिला स्पष्ट सांगितलं, पायात कला आहे, पण दम नाही आणि चूक झाली की दुसऱ्यावर ढकलायची सवय आहे. तिच्याकडे फी द्यायला पैसे नव्हते, तरी त्याने शिकवलं. जुलै २००५ मध्ये ती अमेरिकेच्या मुख्य संघातून पहिला सामना खेळली.

पुढचं सगळं वाचताना दम लागतो. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध जादा वेळेत एकच गोल झाला, तो कार्लीचा. २०११च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मात्र पेनल्टी शूटआऊटमध्ये तिने चेंडू गोलच्या वरून मारला आणि जपान जिंकलं. आदल्याच दिवशी तिचा एकोणतिसावा वाढदिवस होऊन गेला होता. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकच्या तोंडावर तिला राखीव खेळाडूंत बसवलं. पहिल्याच सामन्यात एक सहकारी जखमी झाली, कार्ली आत गेली आणि परत बाकावर बसलीच नाही. अंतिम सामन्यात वेम्बलीच्या ८०,२०३ प्रेक्षकांसमोर तिने जपानविरुद्ध दोन गोल केले. अमेरिका २-१ ने जिंकली.

आणि २०१५चा व्हँकुव्हरचा सामना! पुन्हा जपानच. सोळा मिनिटांत कार्लीची हॅटट्रिक पूर्ण. तिसरा गोल तर तिने मैदानाच्या मध्यरेषेवरून मारला. जपानची गोलरक्षक पुढे आली आहे, हे तिने बघितलं आणि तिथूनच चेंडू उंच उडवला. गोलरक्षक मागे धावत राहिली. टीव्हीसमोर अडीच कोटी अमेरिकन बसले होते. तोपर्यंत त्या देशात पुरुषांचाही कुठला फुटबॉल सामना इतक्या लोकांनी पाहिला नव्हता.

आता पैशाचं बघा. या विजेतेपदासाठी अमेरिकेच्या महिला संघाला ‘फिफा’कडून मिळाले २० लाख डॉलर. आदल्या वर्षी पुरुषांच्या विश्वचषकात अमेरिकेचा संघ पहिल्या सोळांतच गारद झाला, त्यांना मिळाले ९० लाख. विजेत्या जर्मनीला साडेतीन कोटी. मार्च २०१६ मध्ये कार्ली, होप सोलो, ॲलेक्स मॉर्गन, मेगन रॅपिनो आणि बेकी सॉरब्रन या पाच जणींनी रोजगारातल्या भेदभावाची दाद घेणाऱ्या सरकारी आयोगाकडे तक्रार नोंदवली. २०१९ मध्ये, महिला दिनाचा मुहूर्त साधून, २८ जणी कोर्टात गेल्या.

मे २०२० मध्ये न्यायाधीशांनी समान वेतनाचा दावा फेटाळला. का, हे समजून घेण्यासारखं आहे. ते म्हणाले, एकूण रक्कम मोजली तर बायकांना पुरुषांपेक्षा कमी मिळालेलंच नाही. शिवाय सामन्यागणिक मोठा बोनस सोडून दर महिन्याचा पगार आणि विमा असा करार त्यांनी स्वतःच घेतला होता. ऐकायला पटतं. पण जास्त मिळालं, कारण त्या जास्त सामने खेळल्या आणि जिंकल्या! आणि पगाराचा करार का घेतला? कारण पाठीशी दुसरं काही नव्हतं. पुरुषांना क्लबकडून लठ्ठ पगार, राष्ट्रीय संघाचे पैसे वरकड. बायकांची पहिली व्यावसायिक लीग २००३ मध्ये बंद पडली, दुसरी २०१२ मध्ये. २०१३ला तिसरी सुरू झाली, तिथे सगळ्यात कमी पगार होता मोसमाला ६,००० डॉलर. अशा वेळी बाळंतपण, दुखापत, आजारपण यांचा विचार करणारी बाई महिन्याचा पगारच धरणार. तुकड्यावर शिवण करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल. आणि मग ‘तूच तर सही केलीस’ हे ऐकून घ्यायचं.

त्या हटल्या नाहीत, अपिलात गेल्या. अखेर फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. मे महिन्यात नवा करार झाला. पुरुषांना आणि बायकांना सामन्याचे सारखेच पैसे आणि दोन्ही विश्वचषकांच्या बक्षिसाच्या रकमा एकत्र करून वाटणी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या क्रिकेट मंडळानेही महिलांचं सामन्याचं मानधन पुरुषांइतकं केलं. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. वार्षिक करारांच्या रकमांत मात्र फरक ठेवलाच. असो.

कार्लीला नव्या कराराचा खेळाडू म्हणून काहीच उपयोग झाला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्येच ती शेवटचा सामना खेळली होती. मैदान सोडताना तिने अंगातली जर्सी काढली, तर आतल्या जर्सीवर नाव होतं ‘हॉलिन्स’. नवऱ्याचं आडनाव. शाळेच्या दिवसांपासूनची त्यांची ओळख, लग्न २०१६चं. हक्कासाठी भांडणाऱ्या बाईने नवऱ्याचं नाव मिरवावं, यावर नाकं मुरडणाऱ्यांनी जरूर मुरडावीत. मला ते आवडलं.

पण कार्लीची गोष्ट वाचताना मी थांबले ती दुसऱ्याच ठिकाणी. २००८च्या सुमारास आईवडिलांशी तिचं बिनसलं. प्रशिक्षकाचं किती ऐकायचं आणि घरच्यांचं किती, यावरून. अबोला जवळजवळ बारा वर्षं टिकला. व्हँकुव्हरला ती मध्यरेषेवरून गोल मारत होती, तेव्हा ज्या बापाने तिला गॅलानिसकडे नेलं तोच स्टेडियममध्ये नव्हता. २०२० मध्ये, करोनाच्या काळात, तिने त्या प्रशिक्षकाची साथ सोडली आणि माहेरचं दार पुन्हा उघडलं.

सहकारी खेळाडूंशीही तिचं फारसं गूळपीठ नव्हतं. २०१९च्या विश्वचषकात तिला राखीव ठेवलं, तर संघ जिंकल्यावरही तिने आपली नाराजी लपवली नाही. २०२३ मध्ये टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बसली असताना, अमेरिकेच्या मुली पोर्तुगालशी कशाबशा बरोबरीत सुटून मैदानावर हसत-नाचत होत्या, त्यावरून तिने त्यांना फैलावर घेतलं. पुष्कळांना ते झोंबलं. मला विचाराल तर तिचं म्हणणं बरोबर होतं, सांगण्याची तऱ्हा कडू होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, आयव्हीएफच्या उपचारांनंतर तिला मुलगी झाली. त्या काळातली भीती, वाट बघणं, अपयश, सगळं तिने उघडपणे सांगितलं. मे २०२५ मध्ये टेक्सासला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये तिचा सन्मान झाला. व्यासपीठावरून तिने जुन्या सहकाऱ्यांची माफी मागितली. मी यंत्रासारखी वागले, तुम्हाला पूर्ण माणूस म्हणून कधी भेटलेच नाही, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. त्याच वेळी तिने हेही सांगून टाकलं की, तशी वागले नसते तर इथवर पोचले नसते.