दहावीचं गणित मोबाईलवर. पण व्हिडिओ कोणत्या पुस्तकाचा?

नागपूर : काटोल असो की कुही, दहावीच्या पोराला गणित अडलं की हात आधी मोबाईलकडे जातो. गावात शिकवणी नाही, तालुक्याला जायचं तर एसटीची वेळ जुळत नाही. अशात फुकटचा व्हिडिओ मोठाच आधार. मग रोज तासभर व्हिडिओ बघूनही पोरं पेपरात का अडकतात?

पहिलं कारण पुस्तकाचं. यूट्यूबवरचे बरेच हिंदी व्हिडिओ एनसीईआरटीच्या पुस्तकावर असतात. आपला पेपर निघतो बालभारतीवर. भाग १ बीजगणित ४० गुण, भाग २ भूमिती ४० गुण, उरलेले २० अंतर्गत. बीजगणितातली क्रेमरची पद्धत, जीएसटी आणि शेअर्सचं अर्थनियोजन एनसीईआरटीच्या दहावीत नाही. भौमितिक रचनांचा धडा त्यांनी वगळला, आपल्याकडे मात्र आहे. म्हणजे हिंदी व्हिडिओ सगळे बघून झाले तरी आपले काही धडे कोरेच राहतात.

दुसरं कारण शब्दांचं. आपण ज्याला वर्गसमीकरण म्हणतो, त्याला हिंदीत द्विघात समीकरण म्हणतात. आपली अंकगणिती श्रेढी तिकडे समांतर श्रेढी होते. गणित येत असतं, पण प्रश्नच ओळखू येत नाही.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. सर फळ्यावर भराभर सोडवतात तेव्हा सगळं सोपं वाटतं. पण बघणं वेगळं, सोडवणं वेगळं. ट्रॅक्टर चालवताना बघून कोणी ट्रॅक्टर शिकत नाही. वर्तुळाची स्पर्शिका हातात कंपास धरल्याशिवाय जमत नाही.

मग करायचं काय? बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपमध्ये स्कॅन करा, त्याच पुस्तकाचं साहित्य मिळतं. घरात एकच फोन असेल आणि तो दिवसा बाबांसोबत वावरात जात असेल, तर रेंज असताना धडा डाउनलोड करून ठेवा. उदाहरण सुरू झालं की व्हिडिओ थांबवा, आधी वहीत सोडवा, मग पुढचं बघा. अडलेलं उदाहरण खूण करून दुसऱ्या दिवशी शाळेत सरांना, मॅडमना विचारा. व्हिडिओला प्रश्न विचारता येत नाही, शिक्षकाला येतो.

आईबाबांनाही एक सांगणं. गणित येत नसलं तरी तपासता येतं. पोरगं किती वेळ मोबाईल बघत होतं ते विचारू नका. आज वहीची किती पानं भरली, ते बघा.