मासळीभात आणि मधुमेह

नित्य मासळी खाणाऱ्याच्या वाटेला हृदयरोग आणि मधुमेह फारसे जात नाहीत, अशी समजूत किनारपट्टीवर घरोघर रुजलेली आहे. तिला २०२३ साली जोराचा धक्का बसला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष त्या वर्षी प्रसिद्ध झाले, आणि मधुमेहींच्या प्रमाणात गोवा देशात पहिला ठरला. देशाची सरासरी ११.४ टक्के, गोव्याची २६.४! पाठोपाठ पुदुच्चेरी आणि केरळ. तेही सागरतीरावरचे आणि मत्स्यप्रेमी. त्याआधीच्या, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील १५ ते ४९ वयाच्या ३६.१ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या वा स्थूल आढळल्या होत्या आणि ३९ टक्के स्त्रियांत रक्तक्षय होता. ताट भरलेले असूनही पोषण अपुरे, अशी ही विचित्र अवस्था आहे.

मासळीमुळे मधुमेह होतो, असा अर्थ यातून कोणी काढू नये. शहरी राहणी, बैठी कामे आणि वाढते उत्पन्न यांचाही त्यात वाटा आहे. परंतु मासळीने आपले रक्षण का केले नाही, हा प्रश्न उरतोच.

मेद हा नुसता साठा नव्हे. विशेषतः पोटाभोवतीचा मेद रक्तात अशी द्रव्ये सोडत राहतो, की शरीरात मंद पण अखंड दाह धुमसत असतो. तापासारखा तो जाणवत नाही. रक्तातील सीआरपीची तपासणी केली तरच कळतो. इन्सुलिनचे कार्य बिघडवण्यात त्याचा हात असतो. तेलकट मासळीतील ओमेगा-३ आम्ले पेशींच्या आवरणात शिरून दाहकारक द्रव्यांची निर्मिती कमी करतात. मासळीच्या थोरवीचा आधुनिक डंका पिटला गेला तो १९७० च्या दशकात, डॅनिश संशोधक बांग आणि डायरबर्ग यांनी ग्रीनलंडच्या एस्किमोंचे रक्त तपासल्यानंतर. पण ते लोक सील आणि देवमासा खात. रव्यात घोळून तळलेली इसवण नव्हे, आणि सोबत भाताचा डोंगरही नव्हे.

आइसलँड, स्पेन आणि आयर्लंड येथील ३२४ अतिवजनाच्या तरुण स्त्री-पुरुषांवर झालेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. आठ आठवडे सर्वांचाच आहार कमी केला. काहींना त्यात कॉड, काहींना सॅमन, काहींना मत्स्यतेलाच्या गोळ्या दिल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मासळी वा मत्स्यतेल मिळालेल्या पुरुषांचे वजन चार आठवड्यांत इतरांहून सुमारे एक किलो अधिक घटले. एकूण अन्न कमी केले होते आणि मासळी त्या मोजक्या अन्नाचा भाग होती, हे येथे विसरता येत नाही. आपल्याकडे मासळी नेमकी उलटी वागते. हुमण चांगले झाले की भात दुप्पट जातो!

त्यातही मासा कोणता, हे महत्त्वाचे. पाहुण्यांसाठी आपण पापलेट आणि इसवण शोधतो. ओमेगा-३ च्या बाबतीत मात्र स्वस्त बांगडा आणि तारली यांच्यापुढे पापलेट फिका पडतो. शिवाय बी-१२, सेलेनियम आणि ड जीवनसत्त्वही त्यांत आहे. स्थूल व्यक्तींच्या रक्तात ड जीवनसत्त्व बहुधा कमीच आढळते, कारण ते मेदात अडकून पडते. मऊ काट्यांसह खाल्लेली तारली चुनाही देते, आणि मासळीच्या सोबतीने धान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. तिरफळे घातलेले बांगड्याचे हुमण किंवा केळीच्या पानात भाजलेला बांगडा ही सारी संपत्ती जपतो. कढईभर तेलात तो तळला, की नको असलेल्या मेदाची भर पडते.

असे असता पश्चिम किनाऱ्यावरील तारली मोठ्या प्रमाणावर मत्स्यचूर्णाच्या कारखान्यांत जाते आणि कोळंबीचे खाद्य बनते. गरिबाच्या ताटातला हा सर्वांत गुणकारी मासा कारखान्यात किती जावा, याचा हिशेब मत्स्योद्योग खाते आणि आरोग्य खाते यांनी एकत्र बसून केला पाहिजे. आज तो जणू दोन वेगळ्या राज्यांचा प्रश्न आहे.

डॉक्टर मंडळींकडूनही अपेक्षा आहे. ‘मासे खा’ एवढे सांगून रुग्णाला वाटेस लावू नये. कोणता, कसा शिजवून आणि किती भातासोबत, हेही सांगावे. जून-जुलैतील ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत सुक्या खाऱ्या मासळीवर भर पडतो, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णाला त्यातील मिठाबद्दल वेगळे बजावावे लागेल.