गंजलेले आटे



यंत्राच्या गोष्टी या पानावर कशाला, असे आपणांपैकी कोणी विचारील. परंतु ज्या घराची भाकरी एका यंत्रावर अवलंबून असते, त्या घरात ते यंत्र बिघडले म्हणजे सायंप्रार्थनेलाही निराळा सूर लागतो, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

सुरत जिल्ह्यातील चलथाण हे गाव आपणांपैकी कित्येकांस ठाऊक असेल. उधना-जळगाव लोहमार्गाने नवापूर, व्यारा, बारडोली मागे टाकीत सुरतेकडे जाताना हे स्थानक लागते. येथील सहकारी साखर कारखाना आणि शेजारच्या कडोदरा भागातील कापडगिरण्या यांच्या आश्रयाने खानदेशातील अनेक मराठी कुटुंबे या बाजूस स्थिरावली आहेत. त्यांपैकीच एका कुटुंबाची एक जुनी, पेट्रोलवर चालणारी चारचाकी आहे. पहाटे उठून घरची माउली साठ डबे भरते आणि बाप-लेक ते कामगारांस पोचवितात.

काही महिन्यांपूर्वी त्या गाडीच्या दर्शनी फळीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी तर चालत होती. मग दिव्याकडे कोण बघतो? मुलाने त्यावर काळ्या पट्टीचा तुकडा चिकटविला. पुढे पेट्रोल अधिक लागू लागले, धुराला उग्र वास येऊ लागला, आणि प्रदूषण तपासणीत गाडी नापास झाली. तेव्हा कळले, की ऑक्सिजन सेन्सर निकामी झाला आहे.

हा सेन्सर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. इंजिनातून धूर बाहेर पडण्याच्या नळीत तो आट्यांनी बसविलेला असतो. त्याच्या टोकाशी झिर्कोनिया नावाची चिनीमाती असते. ती सुमारे 300 अंशांपलीकडे तापली, की एका बाजूचा धूर व दुसऱ्या बाजूची हवा यांतील प्राणवायूच्या फरकामुळे तीत अल्पशी वीज उत्पन्न होते. धुरात प्राणवायू कमी असेल तर सुमारे 0.9 व्होल्ट, अधिक असेल तर 0.1 व्होल्ट. त्यावरून पेट्रोल वाढवावे की घटवावे, हे गाडीचा संगणक ठरवितो. 1 किलो पेट्रोल पूर्ण जळावयास सुमारे 14.7 किलो हवा लागते. तो मेळ राखण्याचे हे साधन. 1976 साली व्होल्वो कंपनीच्या मोटारींत बॉश कंपनीने बनविलेला असा सेन्सर प्रथम बसविला गेला. आपल्या देशात 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 हे कडक नियम लागू झाल्यावर नव्या दुचाकींतही तो सर्रास दिसू लागला.

नवा सेन्सर आणला, पण जुना निघेना. वर्षानुवर्षे तापणे आणि निवणे चालले होते. गंजाने पोलादाचे आटे नळीच्या आट्यांशी एकजीव झाले होते. योगायोगाने त्याच संध्याकाळी आम्ही त्या घरी गेलो. मुलाचा साधा पाना दोनदा सरकला होता आणि षट्कोनाचे कोपरे झिजू लागले होते. त्याने छिन्नी-हातोडा उचलला, तोच आई म्हणाली, “अरे, आटे तुटले तर अख्खी नळी बदलावी लागेल. तेवढे पैसे आहेत का घरात?”

यासाठी एक निराळा पाना मिळतो. 22 मिलिमीटरचा, एका बाजूस चीर असलेला. त्या चिरेतून सेन्सरची तार बाहेर राहते आणि पाना सहाही बाजू घट्ट धरतो. असा पाना गावात कोणाकडे आहे, हे त्या घरात सर्वांस ठाऊक होते. पण कोणी बोलेना. तो होता धाकट्या भावाकडे, जो मिस्त्रीकाम करतो. गावाकडील शेताच्या बांधावरून तीन वर्षे दोघां भावांत बोलणे नव्हते. आम्हांसही ही गोष्ट ठाऊक होती. आम्ही त्या घरी चहा घेत होतो, प्रार्थना म्हणत होतो, आणि तो विषय मात्र टाळीत होतो. काळी पट्टी आम्हीही चिकटविली होती, हे येथे कबूल करावयास हवे.

“तुम्ही जाल काय?” एवढेच आम्ही विचारले. तो गृहस्थ बराच वेळ हात पुसत राहिला. मग चपला घालून निघाला.

तासाभराने दोघे बरोबर आले. धाकट्याने कोणाकडे पाहिले नाही, वाकून नळी पाहिली आणि म्हणाला, “दादा, आज नाही निघणार. गार आहे तोवर तेल सोडू. रात्रभर मुरू दे.” गंज सोडविणारे तेल तापल्या नळीवर टाकले तर पेट घेते, म्हणून ते थंड असतानाच टाकावे, असे त्याने पुतण्यास बजावले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साठ डबे रिक्षाने गेले. मग त्याने गाडी उघड्या अंगणात काढून इंजिन पाच मिनिटे चालविले, कारण बंद जागेतील धुरात कार्बन मोनॉक्साईड हा वास नसलेला प्राणघातक वायू असतो. इंजिन बंद करून बॅटरीची तार सोडविली, चाकांस दगड लावले, गाडीखाली लाकडी ठोकळे दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. नळी कोमट असताना ती किंचित प्रसरण पावलेली असते. हातमोजे घालून त्याने पाना लावला आणि सोडविण्याऐवजी प्रथम केसभर आवळला. मग सैल केला. करकर वाजताच पुन्हा मागे घेतला, तेल सोडले, थोडे पुढे, थोडे मागे. अर्ध्या तासाने सेन्सर हाती आला. नळीचे आटे अखंड होते. ते साफ करून नव्या सेन्सरच्या आट्यांस न चिकटण्याचे वंगण लावले, टोकास मात्र लागू दिले नाही. प्रथम बोटांनी फिरवून मगच पाना लावला. दिवा विझला.

बांधाचा तंटा मिटला, असे आम्ही म्हणत नाही. तो अद्याप आहे. परंतु धाकटा त्या घरी जेवला, आणि पुढील रविवारी दोघे एका बाकावर बसले.

वाचकहो, भाऊ आपला अपराध करील तर आपणच त्याच्याकडे जावे, असे प्रभूने शिकविले आहे. संत मत्तयाच्या अठराव्या अध्यायात ते आपण वाचतो. पण आपण बहुधा छिन्नी घेऊन जातो, किंवा जातच नाही. तापलेल्या मनावर तेलही पेटते, म्हणून आधी निवू द्यावे. मग मुरू द्यावे. आणि प्रसंगी स्वतः केसभर मागे यावे. यात कमीपणा नाही. मोडून काढलेल्या नात्यात पुढे काही बसत नाही, हे मिस्त्रीस ठाऊक असते, आपणांसही असावे.

आणखी एक. निकामी सेन्सर तसाच ठेवून गाडी हाकणारे पुष्कळ आहेत. तो धूर शेजाऱ्याच्या लेकराच्या छातीत जातो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीस सर्वांचे सामाईक घर म्हटले, ते या अंगणापासूनच सुरू होते.

येत्या शनिवारी कबुलीस येण्यापूर्वी आपल्या घरातील एखादा दिवा पट्टीखाली लागलेला नाही ना, एवढे पाहावे. आम्हीही आमचा पाहू.