पान लागू नये म्हणून

या सदरात मी एरवी शब्दांच्या मागे लागते. दिवाळी अंकासाठी काही मोकळ्या हवेतले लिहावे असे मनात आले, तेव्हाही आधी एक शब्दच समोर येऊन उभा राहिला : ‘पान लागणे’. शहरी वाचकाला यात विड्याचा वास येईल. परंतु खेड्यात ‘त्याला पान लागलं’ असे कुणी हलक्या आवाजात सांगितले, की ऐकणारा हातातला विळा टाकून उठतो. पान लागणे म्हणजे साप चावणे. सापाचे नाव घेऊ नये, दिवेलागणीनंतर तर मुळीच घेऊ नये, असा आपल्याकडचा जुना संकेत. म्हणून त्याला ‘जनावर’ म्हणायचे, ‘लांबडं’ म्हणायचे, ‘किरडू’ म्हणायचे आणि त्याच्या दंशाला पान. हा शब्द मला पुस्तकात पुष्कळदा भेटला होता, पण कळला तो पायांना. सागाच्या सुक्या पानांनी वाट भरून गेली की प्रत्येक पावलाला वाटते, हे पान नुसते पानच आहे ना?

त्याचे कारण असे, की मी वांगणीस राहते आणि रविवारी पहाटे रानवाटेने धावते. या व्यायामाला हल्ली ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात. डांबरी रस्ता सोडायचा आणि गुरांच्या, मोळीवाल्यांच्या पायवाटेने चढउतार धरून पळायचे. पुण्याकडे सिंहगड-राजगड-तोरणा अशी त्याची मोठी शर्यत भरते. आमचे आपले पाच-सहा जणांचे टोळके. वांगणी हे कल्याण-कर्जत मार्गावरचे, बदलापूर नि शेलू यांच्या मधले स्टेशन. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंद अशी थेट माथेरानला जाऊन भिडणारी डोंगरांची रांग. बेडीसगावच्या बाजूने वर लागले की लोकलचा भोंगा खाली राहतो आणि वाडीतले कोंबडे ऐकू येऊ लागतात.

पहिल्या वर्षीची गोष्ट. ठाकरवाडीतली एक आजी डोक्यावर मोळी घेऊन उतरत होती. मला धावत येताना पाहून ती बाजूला झाली, माझ्या पाठीमागे नजर टाकली आणि काळजीने म्हणाली, “बाय, मागं कोन लागलाय काय?” मागे कोणी लागलेले नसताना माणूस धावतो, हे तिला पटवून देण्याइतके माझे मराठी चांगले नाही.

विनाकारण धावणे नवे असेल, पण रानातून धावणे नवे नाही. पेशवाईत पत्रे घेऊन जासूद जात. इंग्रजी अमदानीत टपालाची थैली खांद्यावर टाकून हरकारे टप्प्याटप्प्याने पळत. त्या हरकाऱ्याच्या हातात भाला किंवा काठी असे आणि तिला घुंगरे बांधलेली असत. घुंगरांच्या आवाजाने जनावर वाटेतून बाजूला होते, अशी समजूत. सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीचा कंप त्याच्या जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत जातो. हवेतून येणारा आवाज त्याला अगदीच कळत नाही असे नाही, असेही अलीकडच्या प्रयोगांतून दिसले आहे. तेव्हा श्रेय घुंगरांचे किती नि काठीच्या ठोक्याचे किती, या वादात मी पडत नाही. हरकारा काठी टेकीत जाई, हे महत्त्वाचे.

तशी काठी आम्हा वांगणीकरांना रोज दिसते. आमच्या गावात पुष्कळ अंध कुटुंबे राहतात. सकाळच्या गाडीला ती माणसे पांढऱ्या काठ्या टेकीत फलाटावर येतात. पाऊल पडण्याआधी जमिनीला वर्दी जाते. सापाच्या दृष्टीने विचार केला तर यांच्याइतका सभ्य वाटसरू दुसरा नसेल! आम्ही डोळस मंडळी मात्र कानांत गाण्याची बोंडे खुपसून, मऊ तळव्याचे बूट घालून, कोणतीही वर्दी न देता त्याच्या अंगावर जाऊन थडकतो.

वेदान्तात दोरीला साप समजून घाबरणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आहे. मराठी शिकवणाऱ्याला तो वर्षातून चार वेळा तरी भेटतो. रानवाटेवर हा दृष्टान्त उलटा होतो. सापाला झाडाचे मूळ समजून पाय देणारा माणूस येथे सापडतो. किलोमीटरला सात मिनिटे ही आमची अगदी बेताची गती. तरी सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आठ फूट जमीन मागे पडते. मूळ दिसले, ते हलले असे वाटले, आणि मन काही ठरवते आहे तोवर पाय तेथे पोचलेला असतो. चालणाऱ्याच्या पावलांनी सापाला निघून जायला सवड मिळते. ती सवड धावणारा खाऊन टाकतो. म्हणून आमच्या टोळक्याचा शिरस्ता असा : उंच गवतात आणि आंधळ्या वळणावर चालायचे, आडव्या ओंडक्यावरून उडी मारायची नाही, त्यावर पाय ठेवून, पलीकडे पाहून मग उतरायचे, कपारीत न बघता हात घालायचा नाही, आणि उजाडण्यापूर्वी निघाले तर कपाळाला दिवा बांधायचा. जाता जाता, नरकचतुर्दशीला पायाखाली फोडायचे कारीट शोधायला मुलांना आदल्या संध्याकाळी कुंपणात पाठवणाऱ्यांनीही हे शेवटचे ऐकून ठेवावे.

आमच्या वाटेवर सर्वांत अधिक भेटते ती धामण. सात-आठ फुटांपर्यंत वाढणारी, पिवळसर तपकिरी, आणि आम्हा सर्वांपेक्षा वेगाने पळणारी. बिनविषारी. उंदीर हे तिचे मुख्य खाणे, त्यामुळे शेतकऱ्याला तिच्याइतका स्वस्त राखणदार मिळायचा नाही. तरी बिचारीच्या नावावर किती आळ! ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणे. सापाच्या तोंडाची घडण पाहिली तर त्याला चोखताच येत नाही. हरणटोळाची कथा याहून गमतीची. हिरव्या वेलासारखा हा बारीक साप करवंदीच्या जाळीत बरोबर तोंडासमोर लोंबत असतो, आणि तो माणसाची टाळू फोडतो असा प्रवाद आहे. त्याचे विष सौम्य, लक्ष पालींवर नि सरड्यांवर. आपल्या टाळूत त्याला काडीचा रस नाही. ‘डूख धरणे’ हा शब्दही आपण सापावरून घेतला आणि माणसांसाठी वापरला. तो माणसांनाच ठेवावा. चेहरा लक्षात ठेवून वर्षाने सूड घेण्याची बुद्धी सापाजवळ नाही.

भिण्यासारखे मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग फणा काढून आधी सूचना देतो, हा त्याचा मोठेपणा. मण्यार रात्रीची, धावणाऱ्याला ती क्वचितच दिसते, तिची गाठ जमिनीवर झोपणाऱ्याशी पडते. तिचा दंश बहुधा दुखतही नाही, माणूस झोपेतच राहतो. साधी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर हा प्रसंग टळू शकतो. ‘साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला’ या म्हणीच्या उत्तरार्धाविषयी आमच्या घरी मतभेद आहेत, परंतु पूर्वार्ध फुरशाने पुरता सिद्ध केला आहे. जेमतेम हातभर लांबीचे हे जनावर दगडाखाली बसते आणि खवल्यावर खवले घासून करवतीसारखा आवाज काढते. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्यास सरकारी बक्षीस असे, इतका त्याचा उपद्रव.

खरी काळजी घोणशीची. अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा, डोके त्रिकोणी, शरीर जाड. अनोळखी माणूस तिला अजगराचे पिल्लू समजून जवळ जातो. ती पळत नाही. पाचोळ्याच्या रंगात मिसळून जागीच पडून राहणे हाच तिचा बचाव. अगदी जवळ गेलात तर प्रेशर कुकरच्या वाफेसारखा फुत्कार टाकते. तो आवाज ऐकला की आहे तेथे थांबावे, साप कोठे आहे ते पाहावे आणि आल्या पावली मागे सरावे. एवढ्या माझ्या वर्षांत तो मी दोनदा ऐकला. दोन्ही वेळा आम्ही मागे झालो, वाट तिची झाली.

बाकीच्या प्राण्यांविषयी थोडक्यात. भेकर झाडीतून कुत्र्यासारखे भुंकते आणि नवख्याची गाळण उडवते. रानडुक्कर पिल्लांसह असेल तर वाट बदलावी. बिबट्या आपल्याला पाहतो, आपण त्याला पाहत नाही, हेच बरे. माझ्या मते सापापेक्षा गडांच्या कड्यांवरची आग्या मोहोळे अधिक घातक. तेथे धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा तर नकोच. आणि सर्वांत जास्त वेळा अंगावर येतात ते वाडीतले कुत्रे. कुत्र्यासमोर धावणे थांबवून चालू लागले की बहुतेकदा मिटते. दगड उचलून बसताना विंचवाची आठवण ठेवावी. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी मुले पटापट दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ते मरण पुष्कळच आटोक्यात आणले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

आता पान लागलेच तर? धावणाऱ्याने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे न धावणे. धावपळीने विष अंगात लवकर पसरते. खाली बसावे. बूट, अंगठी, बांगड्या, पैंजण काढावे, कारण सूज चढते. हाड मोडल्यावर बांधतात तसा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर करावा. करकचून आवळपट्टी नको, चिरा नको, तोंडाने ओढणे नको. मग इतरांनी उचलून खाली आणावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पण ती रस्त्यापर्यंत येते, डोंगरावर नाही. औषध एकच, प्रतिविष. घोड्यांना अल्प मात्रेत विष टोचून त्यांच्या रक्तापासून ते करतात, आणि आपल्याकडचे प्रतिविष या चारही सापांवर चालते. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामात फार जुने. साप पकडून किंवा मारून दवाखान्यात नेण्याचे कारण नाही. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सापांना संरक्षण आहे.

हे सारे आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी. पण पान लागते कुणाला? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरातले, बहुतेक खेड्यांतले आणि घरीच झालेले; दवाखाना न पाहता. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादीत घातले. भारत सरकारने २०२४ साली योजना आखली, की हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे. धावणारे या हिशेबात जवळजवळ नाहीतच. आहेत ते लावणी करणारे, कापणी करणारे, अनवाणी.

माझ्या वर्गातली एक मुलगी गेल्या वर्षी दिवाळीनंतर तीन आठवडे आली नाही. डोंगराकडच्या एका वाडीतून ती येते. तिच्या वडिलांना भाताच्या पेंढ्या उचलताना पान लागले होते. घोणस. पिकल्या शेतात उंदीर येतात, उंदरांमागे ती येते, आणि कापलेल्या भाताखाली तिला सावली मिळते. आधी भगताकडे नेले. त्यात सकाळ गेली. मग जवळच्या दवाखान्यात नेले. तेथे प्रतिविष नव्हते. मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत दुपार कलली होती आणि लघवीतून रक्त जात होते. घोणशीचे विष मूत्रपिंडावर जाते. दहा-बारा दिवस डायलिसिस चालले. गाय विकली. माणूस वाचला.

मुलगी परत आल्यावर मी तिच्याशी बोलत होते. रविवारी मी तिच्याच वाडीवरून धावत जाते, हे तिला ठाऊक होते. तिने विचारले, “मॅडम, तुम्ही रानात बूट घालून जाता ना?”

तिला टोमणा मारायचा नव्हता. ती खरोखरच काळजीने विचारत होती. माझ्या पायांतल्या बुटांच्या किमतीत रबरी गमबुटांचे दहा-बारा जोड येतात, हा हिशेब तिने केला नव्हता. तो मी घरी येऊन केला.

आमच्या टोळक्याने उन्हाळ्यात त्या वाडीत गमबूट नेऊन दिले. लावणीच्या वेळी कुणीही ते घातले नाहीत. मी विचारले तेव्हा मुलीचे वडील हसले. म्हणाले, “बाई, चिखलात रुततात. पाय निघतो, बूट ऱ्हातो.” हे आम्हाला सुचायला हवे होते असे नाही, आम्ही कधी लावणी केलेली नाही. पण आता आश्विनात शेत वाळले आहे, कापणी चालू आहे, आणि त्यांच्या पायांत ते बूट आहेत. शिवाय पेंढी उचलण्याआधी ते काठीने तिच्यावर दोनदा ठोकतात आणि जरा थांबतात.